मूठ कुठं टोचते

१२ ऑगस्ट, मंगळवार

अंगणवाडीतून रिटायर झाली तेव्हा एक रजिस्टर कोरंच राहिलं होतं, ते घरी आणलं. रकाने आखलेले आहेत. मुलाचे नाव, वजन, उंची, शेरा. तीस वर्षं असल्या रकान्यांत मी शुद्ध मराठी लिहिलं, कारण सुपरवायझर बाईले 'मले' चालत नव्हतं. आता हे माझं घरचं रजिस्टर आहे. यात मी 'मले' लिहीन, कोणाच्या बापाची भीती नाही.

मुलाचे नाव: गोविंदा, म्हणजे आमचे हे. वय एकोणसत्तर. वजन: लकवा मारल्यापासून सात किलो कमी. शेरा: उजव्या हाताची मूठ आवळून छातीशी धरून ठेवतात, खोलत नाहीत.

मे महिन्यात झालं. पाय महिनाभरात सुधरला, तोंडही सरळ झालं. हात तेवढा राहिला. कारंज्याच्या डॉक्टरनं सांगतलं, बाई, हाताले काम द्या, नाहीतर हा असाच आखडून जाईल. काम म्हणून एक रबरी चेंडू दिला, दाबाले. आमच्या ह्याइनं तो डाव्या हातानं उचलून शेजारच्या टिनावर फेकला. शेजारीण सपनानं आणून दिला, पुन्हा फेकला. तिसऱ्या खेपेस ती म्हणाली, "काकू, आता पोट्टेच खेळतीन त्याच्याशी."

बोलणं तर पहिल्यापासूनच कमी. लकव्यानं ते आणखी कमी केलं, का ह्याइनंच या निमित्तानं बंद केलं, ते काही मले सांगता येत नाही.

आज संघदीपचा पुण्याहून फोन आला. म्हणते, बाबाचा हात दिवाळीपर्यंत नाही सुधरला तर मी येतो अन् दोघायले घेऊन जातो. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे, म्हणते. पोरगं चुकीचं नाही बोलत. ज्याच्या हातानं सदऱ्याचं बटण लागत नाही त्या माणसाले घेऊन मी एकटी किती दिवस काढू? फोन चालू होता तेव्हा हे ओसरीच्या छपराच्या आढ्याले खोचलेल्या मासे धरायच्या काठीकडे पाहून राह्यले होते. मी फोन ठेवला तरी पाहूनच राह्यले होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काठी खाली काढली. धूळ पुसली. वेळूची आहे, ह्याइनं स्वतः केलेली, पेर पेर शेकून सरळ केलेली. टोकाले तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसावर तरंगाले थर्माकोलचं बोंड, खाली गरी, म्हणजे तो वाकडा काटा. चाळीस वर्षांत ह्या माणसानं मले साडी आणली नसेल चार वेळा, पण मासोळ्या आणल्या असतील चारशे वेळा.

हातात दिली. पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. वेळू बुडाशी अंगठ्याएवढा, अन् ह्याइची मूठ आतून पोकळ. बोटं काठीपर्यंत पोचतच नाहीत. चौथ्यांदा पडली तेव्हा ह्याइनं भिंतीकडे तोंड केलं. मी सैपाकघरात जाऊन रडली. खोटं कशाले लिहू, चांगली पदर तोंडात घालून रडली.

मग रडता रडता मले इकरा आठवली. रज्जाकभाई सायकलवाल्याची धाकटी, अंगणवाडीत होती. तिले खडू धरता येत नव्हता. सारे म्हणत पोरीचा हात कच्चा आहे. मी खडूले कापड गुंडाळून तो केळ्याएवढा जाड केला तर पोरगी भिंतभर रेघोट्या मारू लागली. हात कच्चा नव्हता, खडू बारीक होता.

ह्याइचाही हात वाईट नाही. काठी बारीक आहे. काठीले जाड मूठ करायची, बस.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली मूठ झाली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून बुडाशी गच्च गुंडाळल्या, वरून दाभणानं टाके मारले. हातात दिली तर राहिली. मी शंभरपर्यंत मोजलं. एकशे बाराले पडली.

पण खरी अडचण निराळीच आहे अन् ती मी कोणाले सांगितली नाही. वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आम्ही बाया रोज संध्याकाळी विहारात वाचन ऐकतो, अन् तीन महिने मास-मच्छी बंद. रोज हात जोडून म्हणतो, पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही. अन् घरी येऊन मी कशाची मूठ शिवून राह्यली? जीव घ्यायच्या काठीची. काल वाचन चालू असताना मले वाटलं, सगळ्या बाया माझ्याच हाताकडे पाहून राह्यल्या.

म्हणून आज ह्याइचा डोळा लागला तेव्हा मी तंगुसाची गरी कापून टाकली. माचिसच्या डब्बीत घालून सुया-दोऱ्याच्या वाटीत लपवली. तंगुसाले वजन राहावं म्हणून एक पितळी बटण बांधलं. ह्याइले काही सांगितलं नाही. अन् मग लक्षात आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हेही आपण रोज म्हणतो. एक शील सांभाळाले गेली अन् दुसरं मोडून बसली. बोललं तर नाही ना काही खोटं, असं मनाले समजावून राह्यली. पण माझं मन काही अंगणवाडीतलं लेकरू नाही, त्याले समजते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तलावावर गेलो. मी काठी घेतली, हे माझ्या खांद्याले धरून. घरापासून अर्धा मैल, पण पाऊण तास लागला. ह्याइची नेहमीची जागा म्हणजे सांडव्यापासच्या करंजाखालचा सपाट दगड. चाळीस वर्षांत मी तो दगड पहिल्यांदा पाहिला. मधात जराशी खोलगट जागा आहे, बसून बसून झालेली.

कणकेच्या गोळ्या नेल्या होत्या, दाखवाले. मनात धाकधूक की आता तंगूस ओढून पाहतील, गोळी लावाले काटा शोधतील. ह्याइनं तंगुसाचं टोक डाव्या हातात घेतलं, बटणावर अंगठा फिरवला, अन् टाकलं पाण्यात. गोळ्या एक एक करून नुसत्याच पाण्यात सोडल्या. लहान लहान मासोळ्या आल्या अन् खाऊन गेल्या. डोळेही अधू झाले वाटते बिचाऱ्याचे.

पाणी एकदम थांबलेलं होतं. पलीकडच्या काठाची सोयाबीन पाण्यात उलटी उभी होती अन् त्या उलट्या सोयाबीनमधून एक बगळा चालत होता. मी सांगून ठेवलं होतं की अर्ध्या तासात उठायचं. उठलो तेव्हा माझी सावली पाण्यापर्यंत गेली होती.

वाटेत विचारलं, मूठ कशी आहे. म्हणाले, "टोचते." सकाळपासूनचा पहिला शब्द.

२५ ऑगस्ट, सोमवार

टाके काढले, पट्ट्या नव्यानं गुंडाळल्या, वरून मऊ बनियनचं कापड. रोज तलावावर. रोज टोचते.

रोज मी ह्याइचा हात मांडीवर घेतो अन् एक एक बोट धरून विचारतो, इथं? इथं? हे मान हलवतात. नाही. करंगळीपासून सुरू करायचं, एक एक पेर दाबत यायचं. पाचही बोटं होईपर्यंत मुकाट बसतात अन् शेवटी म्हणतात, "अंगठ्यापाशी." अरे, आधी सांगाले काय होते? इतका वेळ माझा जाते.

पण बोटं पहिल्यापेक्षा मोकळी होऊन राह्यली. तळहात दिसते आता. पांढराफटक आहे, झाकून ठेवलेल्या गवतावाणी.

१ सप्टेंबर, सोमवार

कापड पाण्यानं ओलं होते अन् जड होते. रज्जाकभाईच्या दुकानात गेली. म्हटलं, सायकलच्या हँडलचं रबर द्या. त्याइनं काठी हातात घेतली, तोलून पाहिली, तंगुसाचं टोक धरलं अन् म्हणाले, "भाभी, इची गरी कुठी गेली?"

मी ओठावर बोट ठेवलं. वर्षावास आहे, म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग बटणाकडे.

"म्हणजे गोविंदादादा बटन पाण्यात टाकून बसून राह्यले पंधरा दिवसापासून?"

"त्याइले माहीत नाही."

"माहीत नाही," ते म्हणाले, अन् खाली मान घालून रबर शोधू लागले. खांदे हलत होते. कशाचं हसू आलं माणसाले, कोण जाणे. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, इकराच्या खडूचा हिशोब बाकी आहे.

रबराची मूठ संध्याकाळपर्यंतच चालली. मग हे म्हणाले, "घाम येते."

७ सप्टेंबर, रविवार

भाद्रपद पौर्णिमा. दिवसभर विहारात होती. ह्याइले म्हटलं होतं, आज तलाव नाही.

परत आली तर हे ओसरीवर खुर्चीत, हातात काठी, अन् तंगूस अंगणात टाकलेला. बटण मातीत पडलेलं. सपनाची कोंबडी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहून राह्यली होती. अंगणात ऊन पिवळं झालं होतं, हे कोंबडीकडे पाहत होते, अन् दोघायपैकी कोणालेच घाई नव्हती.

आता पाय चांगले चालतात. तलावावर एकटे गेले असते तर कोण अडवणार होतं? नाही गेले. आळस, दुसरं काय.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

मले रात्रीपासून वाटत होतं, आपण उलटं करून राह्यलो. आधी मूठ करतो अन् मग हात त्यात बसवतो. हाताचाच साचा घ्यावा. अंगणवाडीत लेकरं मातीचा गोळा मुठीत दाबायची, बोटांचे छाप उमटायचे. तसं. परसातली काळी माती आणली, चाळली, कणकीवाणी मळली अन् तो गोळा ह्याइच्या उजव्या हातात दिला. म्हटलं, आवळा जोरात.

ह्याइनं मातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अन् म्हणाले, "जित्तेपणीच मूठमाती देऊन राह्यली का वं मले?"

अख्खं वाक्य. मे महिन्यापासूनचं पहिलं अख्खं वाक्य, अन् ते असं. हाताले माती, तसाच कपाळाले लावला अन् रडाले लागली. हे हसून राह्यले होते. त्याइचं हसणं एका बाजूनं जरा खाली घसरते आता, पण हसणं ते हसणंच. मी म्हटलं, "तोंडाले कुलूप होतं तेच बरं होतं." तर म्हणाले, "माती सांडली." दोन वाक्यं झाली.

अन् आवळली. चांगली आवळली. बोटांच्या चारही खाचा उमटल्या, अंगठ्याचा खड्डा उमटला. मी तो गोळा सुपात ठेवून सूप माळवदावर नेऊन ठेवलं, लेकरू निजवल्यावाणी हळूच. आता वाळेल अन् रज्जाकभाई त्यावरून लाकडाची मूठ करून देतील. त्याइले लाकूडकामही येते.

२२ सप्टेंबर, सोमवार

फजिती. रज्जाकभाईनं पांगाऱ्याच्या लाकडाची मूठ करून आणली. हलकी, सुरेख, साच्याबरहुकूम. ह्याइच्या हातात दिली तर बोटं खाचांत बसेनात. एखाद्या बाईच्या हाताची मूठ वाटावी इतकी लहान.

मी सुपातला साचा आणला. रज्जाकभाईनं तो उलटा पालटा केला, भेगा दाखवल्या. म्हणाले, "भाभी, जिंदगी गेली तुमची काळ्या मातीत. वाळली का ती आकसते हे काय मी सांगू तुमाले? उन्हाळ्यात वावरात पाय जाईन इतल्या भेगा पडतात."

खरंच की. घोटाभर भेगांतून चालत मी अंगणवाडीत जायची अन् एवढं डोक्यात आलं नाही. आमचे हे ती मूठ हातात फिरवून राह्यले होते. मग माझा हात ओढला अन् त्या मुठीवर ठेवला. माझी बोटं बरोबर बसली, चारही.

"तुयीच हाय," म्हणाले.

रज्जाकभाई म्हणाले, ठेवा ही, दुसरी करतो, या बारीनं ओल्या मातीवरूनच माप घेतो. मी म्हटलं मले काय करायची, मी काय मासे धरतो? पण ठेवली. फेकाले जीव होईना.

२८ सप्टेंबर, रविवार

नवी मूठ काल बसली. पांगाराच, वरून सायकलच्या जुन्या टुपाची पट्टी, अन् मनगटाले अडकवाले मी परकराच्या इलास्टिकचा फासा शिवला. आता काठी पडतच नाही. हात थकला तरी लोंबते. मले वाटलं, झालं, संपलं काम.

दुपारी तलावावर गेलो. हवा मंद होती, पाण्यावरून सोयाबीन सोंगल्याचा वास येत होता. बोंड एका जागी हलत होतं, हलत होतं, अन् माझा डोळा लागला. सपन पडलं. बोंड पाण्याखाली गेलं अन् तंगूस खाली खाली चालला. मी वाकून पाहिलं तर तळाशी माझी अंगणवाडी. लेकरं रांगेनं बसलेली, केस पाण्यानं हलून राह्यलेले, अन् सगळ्यायनं मिळून तंगुसाचं टोक धरलेलं. ओढत नव्हती. नुसती धरून होती. इकराच्या हातात बटण होतं. मी वरून हाजरी घेऊ लागली तर एक एक लेकरू 'हजर' म्हणे अन् त्याच्या तोंडातून बुडबुडा निघून वर येई.

जाग आली तेव्हा माझं डोकं ह्याइच्या उजव्या खांद्यावर होतं. किती वेळ होतं देव जाणे. ऊन पार उतरलं होतं. हे जराही हलले नव्हते, काठी तशीच धरलेली. मी म्हटलं, उठवायचं नाही का? म्हणाले, "मासे पळाले असते."

बटणावर कोणते मासे येतात? मले गुन्हेगारावाणी झालं. माणूस आशेनं बसते अन् आपण फसवून राह्यलो. आता पौर्णिमेले सांगूनच टाकीन.

वाटेत म्हणाले, मूठ टोचते. लाकडाची, टुपाची, मापाची मूठ, अन् टोचते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

संघदीपचा फोन. म्हटलं हात बरा आहे, काठी धरतात. म्हणते, आई, काठी धरून काय होते, बटण लावता येते का? घास घेता येतो का? बारीक वस्तू धरता आली पाहिजे, चिमटीत. तिकिटं काढून ठेवतो, म्हणते.

पोरगं खरं तेच बोलते. मुठीत धरणं वेगळं, चिमटीत धरणं वेगळं, लेकरं शिकवताना मीच बायायले हे सांगत होती. दीड महिना मुठीमागं लागली अन् चिमटीचा विचारच केला नाही. मले पुण्याले नाही जायचं. आतापर्यंत मी लिहिलं नव्हतं हे. लिहायची हिंमत नव्हती. चौथ्या मजल्यावर हे कोणत्या दगडावर बसतील?

६ ऑक्टोबर, सोमवार

वर्षावास संपला. सकाळी विहारात खीरदान झालं. दुपारी माचिसची डब्बी कमरेले खोचून ह्याइच्या संगं तलावावर गेली. आता हे माझ्या खांद्याले धरत नाहीत, पण हात तिथंच ठेवतात, सवय झाली असेल.

दगडावर बसलो. मी म्हटलं, एक सांगायचं आहे. म्हणाले, "सांग."

"काठीले गरी नाही. मी कापली, ऑगस्टातच. तुमी नुसतं बटण टाकून बसून राह्यले इतके दिवस."

"माईत हाय."

"कधीपासून?"

"पैल्या दिशीपासून."

माझा पारा चढला. दीड महिना मी रोज विहारात मान खाली घालून बसली, अन् ह्याइले माहीत. म्हटलं, "मंग बोलले काहून नाही? रिकामी काठी धरून बसले येड्यावाणी. मी तुमाले गरी लावून दिली असती, पाप लागलं असतं तर मले लागलं असतं. एकटे येऊन मासे धरले असते तुमी मस्तपैकी."

ह्याइनं बोंडाकडे पाहिलं. म्हणाले, "एकटाच आलो असतो."

"तर काय झालं असतं?"

बगळा उडाला अन् पाण्यातला बगळाही उडाला. मी डब्बी उघडून गरी तळहातावर काढून पुढे धरली, म्हटलं घ्या, लावा आता, वर्षावास संपला. ह्याइनं ती माझ्या हातावरून उचलली, जराशी उन्हात धरून पाहिली अन् सदऱ्याच्या खिशात टाकली. "राहू दे," म्हणाले. मी रागातच होती, तोंड फिरवून बसली. मग कणकेच्या गोळ्या मासोळ्यायले टाकल्या, दोघायनं मिळून. त्या रोजच्याच मासोळ्या असतील तर आता त्याइलेही आमची सवय झाली असेल.

आता दिवेलागण झाली. हे ओसरीवर बसले आहेत, सपनाची कोंबडी पायाशी आहे. मी इथं लिहून राह्यली, 'गरी खिशात टाकली' असं लिहिलं, अन् पेन थांबला. खिसा डाव्या बाजूले असते. डाव्या हातानं डाव्या छातीवरच्या खिशात काही टाकाले किती वाकडं व्हावं लागते, मी आत्ताच करून पाहिलं. अन् डाव्या हातात तर काठी होती, मूठ टोचते म्हणून हात बदलला होता.

मग गरी कोणत्या हातानं उचलली? नखाएवढी वस्तू, माझ्या तळहातावरून. मले तिचं टोक टोचलंही नाही.

उठून ओसरीवर गेली. सदरा पाहिला. खिशात गरी आहे. हे म्हणाले काय पाह्यतं, म्हटलं काही नाही. त्याइच्या उजव्या हाताच्या चिमटीत कोंबडीसाठी ज्वारीचे दाणे होते, अन् ते एक एक दाणा टाकून राह्यले होते. केव्हापासून, देव जाणे. मी उभी राहून सात दाणे मोजले. मग घरात आली अन् संघदीपले फोन लावला. म्हटलं तिकिटं काढली असतील तर फक्त येण्याची ठेव, जाण्याची तुझी एकट्याची.

शेरा: चिमूट जमते.

फोन ठेवला तर ओसरीवरून आवाज आला, मूठ अजून टोचते. काठी आणून मी मुठीवरून तीनदा बोट फिरवलं. कुठंच टोचत नाही. उद्या तलावावर जाऊन पाहावं लागेल. माझीवाली लहान मूठही संगं नेतो, दुसरा एक वेळू पडला आहे घरात.